दाजींचा अर्ज आणि माझा शेवटचा परिच्छेद

साताऱ्यातील एका सरकारी कचेरीच्या आवाराबाहेर, पत्र्याच्या छपराखाली, मी गेली अनेक वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. माझे शालेय शिक्षण मेढ्यास आठवीपर्यंत झाले. नववीत ते थांबले, त्याची कारणे येथे देण्याचे प्रयोजन नाही. तथापि जे शाळेने शिकविले नाही ते कचेरीच्या दाराने शिकविले, असे मी नम्रपणे नमूद करतो. कोणता अर्ज कोणत्या टेबलावर अडतो आणि कोणत्या शब्दाने पुढे सरकतो, याविषयी माझा सल्ला घेण्यास काही वकीलही संकोच करीत नाहीत. पूर्वी माझ्यासमोर टंकलेखन यंत्र असे. आता जुना लॅपटॉप आणि त्याला जोडलेला प्रिंटर असतो. सर्वकाही ऑनलाइन झाल्यावर माझे काम संपेल, असे भाकीत अनेकांनी केले होते. ते खरे ठरले नाही, कारण ऑनलाइन अर्जातही ‘कारण’ नावाचा एक रिकामा चौकोन असतो आणि तो भरताना भल्याभल्यांचा हात थांबतो.

मंदी म्हणजे काय, हे तज्ज्ञ मंडळी दूरचित्रवाणीवर आलेख दाखवून सांगतात. मला ती अर्जांच्या जातीवरून कळते. बरे दिवस असतात तेव्हा दुकानाचा परवाना, बिगरशेतीची परवानगी, नव्या घराची नोंद अशी कामे येतात. मग एखाद्या वर्षी चारित्र्याचा दाखला मागणारे वाढतात. हे लोक चारित्र्यवान झालेले नसतात. त्यांना रखवालदाराची नोकरी धरायची असते. पाठोपाठ फी माफीसाठी उत्पन्नाचा दाखला, मुलाला खासगी शाळेतून काढून गावच्या शाळेत घालण्याचा विनंती अर्ज, आणि पुण्याहून परत आलेल्या कुटुंबाचे नाव पुन्हा गावच्या शिधापत्रिकेत घालण्याचा अर्ज. फौजेतून निवृत्त होऊन कारखान्याच्या गेटवर नोकरी करणारे दोन-तीन हवालदार एकाच आठवड्यात माझ्या बाकावर येऊन बसले, की मी समजतो, यंत्रे थांबू लागली आहेत.

ज्या वर्षाविषयी मी लिहीत आहे, त्या वर्षी माझा बाक सकाळी नऊलाच भरत असे. सांगण्यास संकोच वाटतो, परंतु लोकांचे काम सुटले की माझे काम वाढते. समोरचा चहावाला, ज्याचा स्वतःचा धंदा निम्म्यावर आला होता, मला म्हणाला, “तुमचं बरं हाय सायेब, जग आजारी पडलं की तुमचा दवाखाना चालतो.” मी त्यावर हसलो होतो. तेव्हा ते दुखणे माझ्या घरात शिरलेले नव्हते.

माझी धाकटी बहीण कुंडलला दिली आहे. तिचे यजमान, ज्यांना मी दाजी म्हणतो, तेथून जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका ओतकाम कारखान्यात कायम कामगार होते. वितळलेले लोखंड साच्यांत ओतायचे आणि ट्रॅक्टरचे भाग तयार करायचे, असे ते काम. वीसेक वर्षे त्यांनी ते केले. भट्टीच्या धगीने त्यांच्या हातांवरचे केस कधीच टिकले नाहीत. बोलणे कमी, आणि जे बोलतील ते कारखान्यातील आवाजावर मात करण्याच्या सवयीने मोठ्याने. शेती थोरल्या भावाकडे होती. दाजींच्या घराची सारी मांडणी, मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणापासून ते भावकीतील मानापर्यंत, ‘कायम’ या एका शब्दावर उभी होती.

मंदी त्या कारखान्यात एकदम आली नाही. ती पायरी पायरीने आली आणि दर रविवारी फोनवर बहिणीकडून मला तिची पायरी समजत गेली. प्रथम ट्रॅक्टर बनविणाऱ्या मोठ्या कंपनीने सुट्या भागांची मागणी कमी केली. मग जादा वेळेचे काम बंद झाले. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक. कंत्राटी मजुरांना एका शनिवारी सांगितले, सोमवारी येऊ नका. तयार झालेला माल आवारात रचून ठेवला होता, त्यावर पावसाने गंज चढला. मग गेटवर सूचना लागली : भट्टी तूर्त बंद, कायम कामगारांनी रोज सकाळी हजेरीची सही करून घरी जावे, अर्धे वेतन मिळेल. याला ले-ऑफ म्हणतात. सही चुकली तर त्या दिवसाचे अर्धेही जाते. यातील तरतुदी मी बहिणीला फोनवर समजावून सांगितल्या. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “त्ये सगळं खरं दादा, पर सही करून आल्यावर ह्यांनी दिवसभर करायचं काय?”

हा प्रश्न मला तेव्हा किरकोळ वाटला. दाजींना तो किरकोळ नव्हता. बाकीचे कामगार सही करून सायकल स्टँडच्या सावलीत पत्ते खेळत. दाजी तेथे उभे राहत आणि बंद भट्टीच्या धुराड्याकडे पाहत. गावातून परत येताना लोक विचारीत, आज सुट्टी व्हय? रोज तोच प्रश्न. शेवटी त्यांनी मुख्य रस्ता सोडून उसातून जाणारी पायवाट धरली.

अशा वेळी महाबळेश्वरच्या एका स्ट्रॉबेरीवाल्याकडे हंगामापुरता पिकअप चालविण्याचे काम त्यांना कोणीतरी सुचविले. दाजींकडे परवाना होता. अडचण एकच, रोजची हजेरी. कारखान्याचा सुपरवायझर म्हणाला, लेखी द्या आणि जा, भट्टी पेटली की बोलावू.

म्हणून एका रविवारी दाजी आणि बहीण साताऱ्यास माझ्या घरी आले. बहिणीने येताना भडंगाची मोठी पिशवी आणली होती. दाजी खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “पाव्हणं, लय काय न्हाई. भट्टी बंद हाय तवर हजेरीला यायला जमायचं न्हाई, चालू झाली की बोलवा, येतो. येवढंच लिवा.”

मी हसलो. असल्या कागदाला कोणी विचारत नाही, अर्जाला वजन लागते, हे मी त्यांना समजावून दिले. मग लॅपटॉप उघडून दीड पानाचा अर्ज तयार केला. त्यात त्यांच्या सेवेचा इतिहास आला, देशातील औद्योगिक परिस्थितीचा आढावा आला, कौटुंबिक जबाबदाऱ्या आल्या. आणि सर्वांत खाली माझा शेवटचा परिच्छेद आला.

या परिच्छेदाविषयी सांगणे आवश्यक आहे. तरुणपणी मी एका वृद्ध वकिलांच्या फायली वाहत असे. त्यांनी एका हक्कसोडपत्रासाठी, म्हणजे बहिणी वडिलार्जित जमिनीतील आपला वाटा भावांना सोडून देतात त्या दस्तासाठी, एक परिच्छेद लिहिला होता : सदर मजकूर मी पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता लिहून देत असून यापुढे सदर बाबतीत माझा अथवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क, हितसंबंध अथवा तक्रार राहणार नाही. त्या वाक्याची चाल मला इतकी भावली की मी ते पाठ केले. पुढे माझ्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी ते येऊ लागले. खाली ते नुसते दिसले की कचेरीतील लोक माझा अर्ज ओळखत. लॅपटॉप आल्यावर मी ते साठवून ठेवले. एक कळ दाबली की खाली उमटते. उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जाखाली ते असले काय किंवा नसले काय, काहीच बिघडत नाही, कारण कोणताही कारकून तेथपर्यंत वाचत नाही.

मी अर्ज मोठ्याने वाचून दाखविला. बहिणीच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. दाजी मात्र शेवटाला अडले.

“ह्ये वारसांचं कशापायी वं पाव्हणं? मी काय मरतोय व्हय?”

आम्ही सगळे हसलो. ही लिहिण्याची पद्धत असते, असे मी म्हणालो. बहीण म्हणाली, “दादानं लिवलंय म्हंजे कोर्टातबी टिकंल. करा सही.” दाजींनी सही केली. त्यांची सही मोठी आणि सावकाश होती, प्रत्येक अक्षर सुटे.

महाबळेश्वरला त्यांचे बरे चालेल असे आम्हा सर्वांना वाटले होते. परंतु मंदीला घाट चढण्यास वेळ लागत नाही. पुण्या-मुंबईकडच्या ज्या माणसांच्या नोकऱ्या डळमळीत झाल्या होत्या, तीच माणसे सुट्टीत महाबळेश्वरला येत असत. ती त्या वर्षी आली नाहीत. टॅक्सीवाले ओळीने उभे राहून एकमेकांच्या गाड्या पुसत, हॉटेलांच्या वरच्या मजल्यांचे दिवे लागत नसत, आणि स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेणारेच कमी झाल्यामुळे पिकअपच्या फेऱ्या दिवसाआड झाल्या. कुंडलजवळ भट्टी विझली म्हणून महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी नासावी, याचा संबंध एरवी मला कोणी सांगितला असता तर मी हसलो असतो. मालकाने दाजींना दोन महिन्यांतच निरोप दिला.

ते परत आले त्याच आठवड्यात कारखान्याच्या गेटवर यादी लागली. मागणी पुन्हा येऊ लागली होती; भट्टी सोमवारी पेटणार होती. यादीत दाजींचे नाव नव्हते. खिडकीतील माणसाने फाईल उघडून त्यांचाच अर्ज त्यांच्यासमोर धरला आणि शेवटच्या परिच्छेदाखाली पेन्सिलने ओढलेली रेघ दाखविली. तुम्ही हक्क सोडला आहे, असे तो म्हणाला. रागावून नव्हे, माहिती द्यावी तसे.

बहिणीचा फोन मला बाकावर असताना आला. समोर एक म्हातारे गृहस्थ अर्ज लिहून घेण्यासाठी बसले होते.

“दादा, तू त्यात काय लिवलं हुतंस?”

एवढेच ती म्हणाली. मी लॅपटॉपमध्ये तो अर्ज शोधला आणि प्रथमच तो कारखान्याच्या नजरेने वाचला. वरचे सव्वा पान कोणीही वाचले नसणार, हे मला लगेच दिसले. कारखान्याला जे हवे होते ते मी खाली स्वच्छ, शुद्ध आणि ठळक अक्षरांत देऊन ठेवले होते. ही गोष्ट मला त्या क्षणी समजली, हे मी येथे मान्य करतो. परंतु बहिणीला मी सांगितले की कंपनीने बदमाशी केली आहे, अर्जाचा विपर्यास केला आहे, मी त्यांना धडा शिकवीन. पुढचे आठ-दहा दिवस मी हेच सर्वांना सांगत होतो, आणि इतक्या ठामपणे की रात्रीच्या जेवणापर्यंत माझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसत असे.

सांगलीच्या कामगार कार्यालयात दाजींची तक्रार दाखल झाली. दाजींच्या बरोबर एक वयस्क कामगार होता, ज्याने पूर्वी युनियनचे काम केले होते. कागद पाहून तो म्हणाला की यातून वाट एकच आहे : ज्याने हे लिहिले त्याने अधिकाऱ्यासमोर सांगावे की हे शब्द कामगाराचे नव्हेत. दाजींनी हे मला कळविले नाही. बहिणीने कळविले. ती एकटी साताऱ्यास आली, बाकावर लोकांच्या मध्ये बसली, आपला नंबर येईपर्यंत थांबली आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, “ती ओळ तुजी हाय, ह्यांची न्हाई. सायबाम्होरं येवढं सांगशील?”

मी विचार करून सांगतो म्हणालो. त्या दुपारी मी विचार केला तो दाजींचा नव्हता, माझा होता. हे जबाबात आले की कचेरीभर पसरणार. आणि ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून कागद लिहून घेतले ते आपापले कागद काढून शेवट वाचू लागणार. त्यावरून मला दुसरीच गोष्ट सुचली आणि मी लॅपटॉपमधील त्या वर्षीचे अर्ज उघडत गेलो. कारखान्यांतून थांबविलेल्या, पाळी कमी झालेल्या, बिनपगारी रजेवर पाठविलेल्या कामगारांचे कितीतरी अर्ज. सर्वांच्या खाली तेच वाक्य. काहींचे फोन नंबर माझ्याकडे होते. मी तीन-चार जणांना लावले. एक सुरतेला गेला होता आणि त्याला आता त्या अर्जाचे काही नव्हते. एकाच्या बायकोने विचारले, तुमी कोन, आणि मी चुकीचा नंबर लागला असे सांगून फोन ठेवला. बाकीचे मी लावले नाहीत.

ठरलेल्या दिवशी मी सांगलीस गेलो. अधिकारी बाई होत्या, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. कंपनीतर्फे एक तरुण आला होता, इस्त्रीचा शर्ट, बोलणे मृदू. दाजी भिंतीलगतच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसले होते. बाईंनी मला शिक्षण विचारले. मी आठवी सांगितले. मग त्यांनी अर्ज पुढे सरकविला.

“हक्कसोडपत्रातला मजकूर नोकरीच्या अर्जात का घातलात?”

मी घरून उत्तर तयार करून नेले होते. त्यात प्रचलित लेखनपद्धती, अर्थनिर्णयाचे तत्त्व वगैरे शब्द होते. ते तोंडातून निघाले नाहीत.

“सवय आहे, बाई,” मी म्हणालो. “दाजींनी दोनच ओळी सांगितल्या होत्या. बाकीचे सगळे माझे आहे.”

त्यांनी ते लिहून घेतले आणि माझी सही घेतली. मला वाटले होते त्याहून ते लवकर आटोपले. कंपनीच्या तरुणाने फारसा वाद घातला नाही. तो म्हणाला की हे पत्र दिलेच नव्हते असे मानण्यास आमची हरकत नाही. दाजींनी मान वर केली. पण त्याचे बोलणे संपलेले नव्हते. भट्टी पेटली आहे, तो म्हणाला, परंतु आता साच्यांच्या कामावर पूर्वीइतकी माणसे ठेवलेली नाहीत. मांडणी बदलली आहे. ज्यांनी रोज हजेरी दिली त्यांच्यातूनच जागा भरल्या. साच्यांवरची शेवटची जागा एका दुसऱ्या कामगाराला दिली, जो सेवेने दाजींपेक्षा कनिष्ठ आहे. दाजींना घ्यायचे तर त्याला कमी करावे लागेल.

त्या माणसाला दाजींनीच काम शिकविले होते. त्याचे घर दाजींच्या घरापासून चौथे. त्याच्या बायकोला दिवस गेले होते, आणि तो महिनोन् महिने पावसात गेटवर येऊन सही करीत होता.

बाईंनी दाजींना सांगितले की तुमचा आग्रह असेल तर ज्येष्ठतेचा मुद्दा न्यायालयाकडे पाठविता येईल. वेळ लागेल, पण मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. मी दाजींकडे पाहून होकारार्थी मान हलविली. अशी प्रकरणे मी पाहिलेली आहेत.

दाजी उभे राहिले. इतक्या लहान खोलीत त्यांचा आवाज फार मोठा वाटला.

“त्याला काढून मला घ्या म्हनायला मी आलो न्हाई बाई.”

मग बाईंनी सामंजस्याचा कागद तयार केला. दाजींना मंदीमुळे कमी केले असे समजावे. नवी कायम जागा निघाल्यास पहिला मान त्यांचा. तोपर्यंत ठेकेदारामार्फत त्याच विभागात काम. कंपनीच्या तरुणाने सही केली, दाजींनी केली. मला कोणी सही मागितली नाही.

बाहेर आल्यावर मी दाजींना म्हणालो की हा कागद अंतिम नसतो, आपण वरच्या पातळीवर निवेदन देऊ, मी मसुदा करतो. बाहेर थांबलेली बहीण पायातली चप्पल नीट करीत होती; तिने वर पाहिले नाही. दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जड होता.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “आता काय बी लिवू नका.”

ते रागाने म्हणाले असते तर मला उत्तर देता आले असते. मग आम्ही तिघांनी बसस्थानकासमोर चहा घेतला. मुलीच्या परीक्षेविषयी बोललो.

दाजी आता त्याच भट्टीवर आहेत, ठेकेदाराच्या हजेरीवर. कायम कामगारांचे मोठे गेट वेगळे, यांचे लहान. ज्याला शिकविले त्याच्या हाताखाली त्यांना काम करावे लागते. तो त्यांना अजून ‘मामा’ म्हणतो आणि जड काम स्वतः उचलतो, असे बहीण सांगते. एकदा मी कुंडलला गेलो असताना दाजींना विचारले, माल आता किती निघतो. पहिल्याइतकाच निघतो, ते म्हणाले, कधी जास्तच. आणि माणसे? त्यांनी पाचही बोटे उघडली आणि त्यांतली दोन मिटली. वर्तमानपत्रात त्याच सुमारास उद्योग सावरल्याची बातमी होती. ती खोटी नव्हती. लोखंड पूर्वीसारखे ओतले जात होते, ट्रॅक्टर निघत होते, माल रचून गंजत नव्हता. जी माणसे मंदीत बाहेर गेली त्यांच्यावाचून कारखान्याने चालायला शिकून घेतले होते, आणि त्या बातमीत त्यांच्यासाठी चौकोन नव्हता.

कायम जागा अद्याप निघालेली नाही. गेल्या आठवड्यात माझ्या बाकावर एकाच दिवशी चारित्र्याच्या दाखल्यासाठी पाच जण आले. मी त्यांचे अर्ज लिहिले, आणि संध्याकाळी घरी जाऊन बहिणीला फोन केला. एरवी तीच करते.

तिकडचे कसे काय, मी विचारले. जादा वेळ बंद झालाय, ती म्हणाली. तिसरी पाळीबी बंद करायचं चाललंय बोलणं. ठेकेदाराची माणसे पहिली जातात, हे तिला मी सांगण्याची गरज नव्हती.

“दाजी काय म्हणतात?”

“काय म्हनत्यात? जेवाय बसल्यात. सकाळी सातची पाळी हाय,” ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर आहे असे सांगून तिने फोन ठेवला.